एकाला वैद्य, दुसऱ्याला पहारेकरी : काळ्या मातीतील दोन रोपांचा इतिहास

१/
रोप पिवळे पडते, मान टाकते, बुडाशी काळे होऊन एका रात्रीत आडवे होते. पाणी जास्त झाले, बुरशी लागली, अन्नद्रव्य कमी पडले, की बियाणेच वाईट निघाले? शेतकऱ्याला दर हंगामात पडणाऱ्या या प्रश्नाला एक मोठा राजकीय इतिहास आहे. कापूस आणि गांजा या दोन पिकांच्या आधारे तो आज पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा. #थ्रेड #इतिहास

२/
प्रथम भूगोल. माझे गाव उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग मानतात : चिखली-मेहकर घाटावर, खामगाव-मलकापूर घाटाखाली. घाट उतरून खामगाव, तिथून उत्तरेला सातपुडा आणि सातपुड्यापलीकडे निमाड, म्हणजे बऱ्हाणपूर व खांडवा. या एका पट्ट्यात ही दोन्ही पिके ब्रिटिश काळात उघडपणे, कायदेशीरपणे पिकत होती.

३/
कापसाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली जलंब-खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा सुरू झाला, त्या प्रसंगी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय यावा, एवढे त्या पिकाचे वजन होते.

४/
गांजाची गोष्ट मात्र पुसली गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्याच्या खांडवा तहसिलीपुरती मर्यादित होती आणि तेथील माल सरकारी गोदामात जमा होत असे. मुंबई इलाख्यात नगर जिल्हा या पिकासाठी प्रसिद्ध होता. बंगालमध्ये राजशाही भागातील नौगाव हे सर्वांत मोठे केंद्र; आज ते बांगलादेशात आहे. परवाना घ्यायचा, पीक घ्यायचे, माल सरकारच्या देखरेखीखाली विकायचा, अशी ती रीत होती.

५/
या वनस्पतीकडे बारकाईने पाहणाऱ्यांची परंपरा आपल्या प्रदेशात जुनी आहे. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराशी या वैद्याचा निकटचा संबंध होता. त्याच्या ग्रंथात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे.

६/
ओर्ताचे निरीक्षण पाहण्यासारखे आहे. पोर्तुगालमधील ताग्यासारखे दोरखंडाचे झाड आणि इथली भांग एकच काय, असा प्रश्न संवादात येतो. तो नाही म्हणतो. इथले बी लहान आणि तितके पांढरे नाही, खोड लाकडासारखे आणि साल थोडी, असे तो सांगतो. दोनशेहून अधिक वर्षांनी, १७८५मध्ये, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क यानेही भारतीय झाडाला वेगळी जात मानून 'कॅनाबिस इंडिका' हे नाव दिले. या दोन जाती आहेत की एकच, हा वाद पुढेही दीर्घकाळ चालला.

७/
पण शेतकऱ्यापुढचा प्रश्न निराळा होता. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. पपई लावणाऱ्यांना हे सहज समजेल. रोप लहान असताना नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक कळत नाही, फुलोऱ्याची चाहूल लागली की कळतो. गांजा म्हणजे मादीचे, बी न धरलेले फुलोरे. शेतात नर राहिले तर परागण होते, मादी बी धरते आणि माल कवडीमोल होतो. म्हणून नर वेळीच ओळखणे यावर सारे पीक अवलंबून असे.

८/
या ओळखीसाठी नौगावला एक स्वतंत्र व्यावसायिक होता. त्याला 'पोद्दार' किंवा 'परखदार' म्हणत. हंगामात तो शेताशेतांतून फिरे, एकेक झाड पाही आणि नको असलेले झाड दाखवून देई. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या कागदपत्रांत त्याला चक्क 'गांजा डॉक्टर' म्हटले आहे. वनस्पतीसाठी डॉक्टर हा शब्द हिंदुस्थानच्या सरकारी कागदांत इतक्या लवकर यावा आणि तोही गांजाच्या शेतातून, हे मला फार लक्षणीय वाटते.

९/
मराठी वाचकाला 'पोद्दार' शब्दात ओळखीचा आवाज ऐकू येईल. तो आपला पोतदारच. आपल्याकडे पोतदार म्हणजे नाण्यांची पारख करणारा. रुपया हातात घेऊन, वाजवून, खरा की खोटा हे सांगणारा. 'परखदार' या दुसऱ्या नावातही तीच पारख आहे. म्हणजे झाड तपासणे आणि नाणे तपासणे यांसाठी लोकांनी एकच शब्द वापरला. दोन्हीकडे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते डोळ्यांत आणि बोटांत होते.

१०/
गंमत अशी की नर कोणता आणि मादी कोणती, यांची नावे पुष्कळ ठिकाणी उलटी होती. धट्टेकट्टे, बी धरणारे झाड लोकांना 'नर' वाटे आणि सडपातळ, लवकर वाळणारे झाड 'मादी'. हे केवळ आपल्याकडे घडले नाही. इंग्लंडमध्येही ताग्याच्या बी देणाऱ्या झाडाला पुरुषवाचक आणि खऱ्या नराला स्त्रीवाचक नाव रूढ होते. वनस्पतींना लिंग असते हे युरोपात प्रयोगांनी दाखवले ते १६९४ साली, जर्मनीतील कामेरारियस याने. त्याच्या प्रयोगातील झाडांत हीच वनस्पतीही होती.

११/
नावे उलटी असली तरी शेतकऱ्याचे काम अडले नाही, कारण त्याला पुढे काय होणार हे ठाऊक होते. इथे एक मुद्दा लक्षात ठेवावा. नर झाड आजारी नसते. ते पूर्ण निरोगी असते. धाग्यासाठी लागवड करणाऱ्या युरोपीय शेतकऱ्याला तर नराचाच धागा अधिक तलम म्हणून हवा असे. परंतु गांजाच्या शेतात तेच झाड रोगासारखे उपटले जाई. 'बिघडलेले रोप' ही कल्पना झाडाबरोबरच पाहणाऱ्याच्या हेतूवरही ठरते.

१२/
आता १८९३. इंग्लंडमध्ये मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये बंगालमधील गांजाबद्दल प्रश्न विचारला गेला. परिणामी 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. एकूण सात सदस्यांपैकी तीन भारतीय. एक सदस्य कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन. त्याच वर्षी कलकत्त्याच्या वनस्पतिसंग्रहालयाचे डेव्हिड प्रेन यांनी गांजाच्या लागवडीवर आणि वापरावर स्वतंत्र अहवाल लिहिला.

१३/
आयोगाने सत्तर प्रश्नांची यादी तयार केली, देशभर दौरे केले आणि १,१९३ साक्षीदारांची मते नोंदवली. मुंबई, सिंध, वऱ्हाड इत्यादी प्रदेशांतील साक्षींचा एक स्वतंत्र खंड आहे. अधिकारी, वैद्य, व्यापारी, शेतकरी, मिशनरी अशा नाना प्रकारच्या लोकांचे म्हणणे त्यांत सापडते. हा खंड वाचताना एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाड बोलताना ऐकू येतो, अर्थात इंग्रज लेखनिकाच्या भाषेतून.

१४/
आयोगाच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग निदानाविषयीच आहे, मात्र माणसांच्या. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे आणि तिथे वारंवार 'गांजा' लिहिलेले असे. आयोगाने १८९२ या एका वर्षातील अशी २२२ प्रकरणे घेतली आणि प्रत्येकाची मुळापासून चौकशी केली. टिकली फक्त ९८. त्यांतही ३७ प्रकरणांत इतर कारणे मिसळलेली होती. त्या वर्षी दाखल झालेले एकूण रुग्ण होते १,३४४.

१५/
मग बाकीच्या नोंदी कुठून आल्या? रुग्णाला घेऊन येणारा पोलीस कागद भरून आणी. कारण ठाऊक नसे, रकाना मोकळा ठेवता येत नसे आणि 'गांजा' हे सोयीचे उत्तर हाताशी असे. एकदा लिहिलेले कारण पुढच्या कागदावर जसेच्या तसे उतरे. पाहण्याआधीच उत्तर ठरलेले असले की निदान कसे बिघडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या इतिहासात दुर्मीळ आहे.

१६/
आयोगाचा निष्कर्ष असा : माफक सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय दिसत नाही, अतिसेवनाने होतो, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. त्याऐवजी लागवडीला परवाना, लागवडीचे क्षेत्र मर्यादित व देखरेखीखाली, मालावर कर आणि दुकानांच्या संख्येवर नियंत्रण. त्या काळाच्या मानाने हा संयमी अहवाल होता. पण शेताच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच : झाडाभोवती मोजणी, गोदाम, कुलूप आणि शिपाई यांची साखळी अधिक घट्ट झाली.

१७/
नेमक्या याच वर्षांत जगात दुसरे काहीतरी घडत होते. १८९२ साली अमेरिकेतील अलाबामा येथे जॉर्ज ॲटकिन्सन यांनी कपाशी वाळवणाऱ्या एका बुरशीचे वर्णन केले आणि तिला 'फ्युझेरियम व्हॅसइन्फेक्टम' हे नाव दिले. रोप का मेले या प्रश्नाला 'दैव', 'हवा' किंवा 'जमिनीचा दोष' याहून वेगळे, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येणारे उत्तर मिळू लागले होते.

१८/
हे शास्त्र हिंदुस्थानात आणले एडविन बटलर यांनी. शिक्षणाने ते वैद्य, माणसांचे डॉक्टर. १९०१मध्ये सरकारने त्यांना वनस्पतिरोगांसाठी नेमले. पुढे बिहारमधील पुसा येथील संस्थेत ते 'इम्पीरियल मायकॉलॉजिस्ट' झाले. १९०७मध्ये त्यांनी 'पिथियम' या बुरशीच्या गटावर आणि १९१०मध्ये तुरीच्या मर रोगावर सविस्तर लिहिले. विदर्भात तूर पिकवणाऱ्या प्रत्येक घराला हा रोग आजही माहीत आहे.

१९/
'पिथियम' म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. वाफ्यात दाट पेरलेली मिरची, वांगी वा तंबाखूची रोपे जमिनीलगत पाणचट, मऊ होतात आणि लोळतात. त्याला आपण 'रोपे कोलमडणे' म्हणतो. दाट पेरणी, साचलेले पाणी आणि कोंदट हवा मिळाली की ही बुरशी फोफावते. ती पिकापिकांत फारसा भेद करत नाही. गांजाचे रोपही तिला चालते, मिरचीचेही. भेद माणसांच्या दप्तरात होता : एका रोपाची तक्रार कृषी खात्याकडे जाई, दुसऱ्याचा हिशेब अबकारी खात्याकडे.

२०/
वऱ्हाडच्या कपाशीला मर लागत होती. आधी पानाच्या कडा आणि शिरा पिवळ्या पडतात, मग झाड मान टाकते. पाणी दिले तरी ते उभे राहत नाही. बाहेरून पाहणारा 'पाणी कमी पडले' असेच म्हणेल. खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघा दिसतात : पाणी वर नेणाऱ्या नळ्याच आजारी असतात. उभे चिरून पाहणे ही क्रिया साधी, पण तिने निदान बदलते.

२१/
या कामासाठी नागपुरात जहांगीर फर्दुनजी दस्तूर होते, मध्य प्रांत व वऱ्हाडचे सरकारी कवकशास्त्रज्ञ. पुसा येथे बटलर यांच्या संस्थेत असताना, १९१३मध्ये, त्यांनी एरंडीच्या रोपांवरील 'फायटोफ्थोरा' बुरशीच्या एका नव्या जातीचे वर्णन केले होते आणि त्यांनी दिलेले नाव जगभर रूढ झाले. वनस्पतिरोगांचा असा मूलभूत अभ्यास करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

२२/
दस्तूर यांनी १९२०च्या दशकात कपाशीच्या मरीचा अभ्यास केला तेव्हा बुरशी हेच एकमेव कारण मानायला ते तयार नव्हते. झाडाच्या आत लोह आणि ॲल्युमिनियम साचते व त्याने नळ्या निकामी होतात, अशी त्यांची मांडणी होती. मुंबई इलाख्यात जी. एस. कुलकर्णी आणि नंतर बी. एन. उप्पल यांच्यासारख्या अभ्यासकांनी बुरशी आणि जमिनीचे तापमान यांचा संबंध प्रयोगांनी तपासला. पुढे बुरशीची बाजू ग्राह्य ठरली. पण महत्त्वाचे हे की वाद उघड झाला, छापून झाला आणि शेतात तपासला गेला.

२३/
या वादाचे फळ बियाण्यात उतरले. मर सहन करणारे वाण निवडण्याचे प्रयत्न झाले. खानदेशातून पुढे आलेले 'जरिला' हे त्यांतील प्रसिद्ध नाव. १९४०च्या दशकात मुंबईच्या वायदेबाजारात 'जरिला' हा कापसाच्या व्यवहाराचा आधार मानला जाई. शेतातील एका आजारी रोपापासून बाजारातील भावापर्यंत निदानाची साखळी अशी पूर्ण झाली.

२४/
हे सारे कुणाच्या पैशाने झाले? १९२१ साली 'इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी' स्थापन झाली आणि पुढे कापसावर उपकर बसवून संशोधनासाठी निधी उभा राहिला. म्हणजे पिकाचाच पैसा काही अंशी पिकाच्या आरोग्यासाठी परत आला. गांजाच्या करातून सरकारला वर्षानुवर्षे उत्पन्न मिळाले, पण कापूस समितीसारखी संस्था त्या पिकासाठी कधी उभी राहिली नाही. एका रोपाला वैद्य मिळाला, दुसऱ्याला पहारेकरी.

२५/
इथे कुणी म्हणेल, मग यात वावगे काय? कापूस अंग झाकतो, गांजा घरे मोडतो. हा आक्षेप हलका नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत आणि हा धागा लागवडीची वकिली करण्यासाठी लिहिलेला नाही. मुद्दा मर्यादित आहे. राज्यसंस्था ज्या वनस्पतीकडे फक्त पहारेकऱ्याच्या नजरेने पाहते, तिच्याविषयीचे ज्ञान नाहीसे होत नाही. ते दिसेनासे होते, आडोशाला जाते आणि तिथे तपासणीविना वाढते.

२६/
पुढचा प्रवास झपाट्याने. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या कक्षेत गांजाही आला. १९६१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक करारात कॅनाबिसचा समावेश झाला. वैद्यकीय वगळता इतर वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत त्यात होती. ती मुदत जवळ येत असताना भारतात १९८५चा 'एनडीपीएस' कायदा आला आणि १४ नोव्हेंबर १९८५पासून लागू झाला. गांजाच्या व्याख्येत फुलोरे व फळधारी शेंडे आले; सुट्या बिया आणि पाने त्याबाहेर राहिली.

२७/
व्याख्येतील हा तपशील इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुन्हा वाचावा असा आहे. फुलोरा आणि पान यांतील जो भेद परखदार बोटांनी करी, तोच भेद १९८५च्या कायद्याने कलमात लिहिला. ज्ञान शेतातून उचलले गेले आणि न्यायालयात पोहोचले. ज्याने ते घडवले तो मात्र कुठल्याही यादीत उरला नाही.

२८/
त्याच सुमारास अमेरिकेत एक बदल झाला. १९८३पासून कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टरने डोंगर धुंडाळून गांजाची शेते उपटण्याची मोहीम सुरू झाली. मग लागवड आकाशाला दिसणार नाही अशा ठिकाणी गेली : तळघरात, बंद खोलीत, दिव्यांखाली. १९८९मध्ये तेथील सरकारने बागकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांवरच मोहीम उघडली. बंद खोलीतील लागवडीला तंत्रज्ञानाने बळ दिले, पण तिला तिथे ढकलले ते कायद्याने.

२९/
बंद खोलीचे तंत्र मात्र अगदी सभ्य प्रयोगशाळांतून आले होते. १८६०च्या सुमारास जर्मनीत ज्युलियस साक्स यांनी मातीशिवाय, क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवली. एकेक क्षार वगळायचा आणि रोपावर काय दिसते ते नोंदवायचे, अशी ही पद्धत. १९३७मध्ये कॅलिफोर्नियातील गेरिके यांनी मातीविना शेतीसाठी 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला.

३०/
१९४३ साली, महायुद्धात अन्नटंचाई असताना, इंग्लंडमधील थॉमस वॉलेस यांनी पानांवरील खुणांवरून अन्नद्रव्यांची कमतरता ओळखण्याचे सचित्र पुस्तक काढले. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र वा मॅग्नेशियम, कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या राहिल्या तर लोह, अशा त्या खुणा. आपल्या कृषी विद्यापीठांच्या घडीपत्रिकांतील रंगीत चित्रे याच परंपरेतील. बंद खोलीत भिंतीवर चिकटवलेला तक्ताही त्याच घराण्यातला.

३१/
तक्त्याची मर्यादा मात्र त्याच्या जाणकारांना पहिल्यापासून ठाऊक होती. पिवळे पान हा आजार नाही, तो आवाज आहे. तोच आवाज पाणी जास्त झाल्याने येतो, मुळे कुजल्याने येतो, द्रावणाचा सामू बिघडल्याने येतो आणि खत जास्त झाल्यानेही येतो. नत्र कमी आहे असे समजून खत वाढवले आणि मुळातच मुळे कुजलेली असली, तर औषधच रोपाला मारते. म्हणून निदानाला तक्त्याबरोबर माती-पाण्याची तपासणी, शेजारच्या रोपांशी तुलना आणि अनुभवी माणूस लागतो.

३२/
बंद खोलीत नेमके हेच तीन नसतात. तपासणीसाठी नमुना कुठे पाठवणार? तुलना करायला शेजारचे शेत नाही. अनुभवी माणसाला विचारावे तर आपण गुन्हा करतो आहोत हे सांगावे लागते. भारतात गांजाच्या बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मग निदान निनावी सांगोवांगीवर चालते आणि तिथे मिळणाऱ्या रसायनांची मात्रा कोण तपासतो? ती रसायने शेवटी कुणाच्या तरी फुप्फुसात जातात.

३३/
कायद्याने एक किलकिली खिडकी ठेवली आहे. धागा, बी वा उद्यानविद्येच्या हेतूने लागवडीला परवानगी देण्याची तरतूद त्यात आहे. उत्तराखंडाने २०१८मध्ये औद्योगिक लागवडीचा परवाना दिला. जम्मू येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत औषधी उपयोगासाठी या वनस्पतीवर संशोधन चालते. म्हणजे सव्वाशे वर्षांनी या रोपाकडेही वैद्याची पावले वळली आहेत. पण ज्या खांडवा-नगर-नौगावच्या शेतकऱ्यांना ते रोप पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांची साखळी तोवर तुटलेली आहे. नौगावची कायदेशीर लागवड १९८७मध्ये थांबली.

३४/
शेवटी पुन्हा कापसाकडे येतो, कारण वैद्य मिळालेल्या पिकाची गोष्टही सुखान्त नाही. आज आमच्या भागातील शेतकरी कपाशीचे पान घेऊन बहुधा कृषी सेवा केंद्रात जातो, म्हणजे औषधाच्या दुकानात. जो औषध विकतो तोच रोग सांगतो. २०१७मध्ये बोंडअळीने विदर्भाचा हंगाम बुडवला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. चुकीचे निदान माणसे मारते, हे आपण पुस्तकात वाचलेले नाही.

३५/
अकोल्याला १९६९पासून कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत, दस्तूर यांच्यापासूनचा अभ्यास आहे. तरीही शेत आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये दुकानाचा काउंटर येतो. म्हणून वैद्य नेमला की काम संपले असे नाही. त्याच्यापर्यंत न घाबरता, न फसता पोहोचता आले पाहिजे. एका पिकाच्या बाबतीत भीती आड आली, दुसऱ्याच्या बाबतीत विक्री.

३६/
१८९३च्या आयोगाकडून घेण्यासारखी एक सवय आहे. २२२ नोंदी समोर आल्या तेव्हा त्यांनी रकान्यातील उत्तर मान्य केले नाही. प्रत्येक प्रकरणी 'हे कुणी, कशावरून लिहिले?' असे विचारले. रोगट रोपासमोर, औषधाच्या बिलासमोर आणि इतिहासाच्या कागदासमोरही हाच प्रश्न विचारता येतो.

३७/
एक विनंती. आपल्या आजी-आजोबांकडे रोपांच्या रोगांसाठी वऱ्हाडी, खानदेशी, नगरी बोलीतले जुने शब्द असतील, झाड पारखण्याच्या खुणा असतील, तर खाली जरूर लिहा. पीक कोणतेही चालेल : तूर, ज्वारी, मिरची, पानवेल. गाव आणि शब्दाचा अर्थही द्या. परखदाराचे ज्ञान कुणी वेळेवर लिहून घेतले नाही. जे उरले ते करवसुलीच्या कागदांत उरले. बाकीच्यांचे तरी तसे होऊ नये. धागा समाप्त.